‘सकारात्मक राहा’ म्हणजे विश्वासणाऱ्याने नक्की काय करायचं?

ओंजळ | सोमवार, रात्री १०:५२

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहून टाकते.

माझी धाकटी बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास. त्यातल्या दोन वेळा मी सोबत असते. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव आहे, नंबर कधी लागेल कोणी सांगू शकत नाही.

आम्ही दोघी विश्वासात वाढलेल्या. मी मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूल घेते. या दोन वर्षांत मला शेकडो वेळा ऐकायला मिळालं, ‘सकारात्मक राहा, विश्वास ठेवा, तोंडातून वाईट शब्द काढू नका.’ मी ते मनापासून केलं. तिच्या उशाशी वचनं लिहून ठेवली. कोणी विचारलं की ‘प्रभूच्या कृपेने छान’ हेच उत्तर.

गेल्या गुरुवारी मशीन चालू असताना तिचं बीपी एकदम खाली गेलं. पोटऱ्यांत गोळे आले. मी तिचे पाय दाबत होते आणि सवयीने हसून म्हणाले, “देव सगळं चांगलंच करतो गं, हेही दिवस जातील.” तिने डोळे न उघडता म्हटलं, “ताई, निदान माझ्यासमोर तरी असं हसू नकोस. तू वचन म्हणायला लागलीस की मला एकटं वाटतं.”

चार दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही. तिचा विश्वास गेलेला नाही, ती रोज प्रार्थना करते. मग मी जे करत होते त्याला काय म्हणायचं? विश्वासाने भरलेली दृष्टी आणि चेहऱ्यावर ओढून आणलेलं हसू यांत फरक कसा ओळखायचा? कोणी या वाटेने गेलं असेल तर लिहा. उपदेश नको, पण वचनांतून सांगितलंत तर चालेल, नव्हे आवडेल.

मोहरीचा_दाणा | सोमवार, रात्री ११:२०

ओंजळताई, वाचून घशाशी आलं. आत्ता सुचत काही नाही. तुमच्या बहिणीसाठी आणि तुमच्यासाठी प्रार्थना करून झोपते. उद्या लिहीन.

दीपस्तंभ | मंगळवार, सकाळी ७:०५

ताई, तुमचं दुःख समजतं, पण माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते प्रेमाने मांडतो.

नीतिसूत्रे १८:२१ मध्ये म्हटलं आहे की जीवन आणि मरण जिभेच्या हाती आहे. सहा वर्षांपूर्वी माझा व्यवसाय बुडाला. घरात सकाळ-संध्याकाळ एकच विषय, कोणी फसवलं, किती देणं आहे, आता काय होणार. माझी मुलं घाबरून बोलेनाशी झाली होती. एका रात्री मी आणि बायकोने ठरवलं की जेवताना आणि झोपताना भीतीची भाषा बोलायची नाही, देवाने काय दिलं तेवढंच बोलायचं. महिनाभरात घर बदललं. देणं तेवढंच होतं, पण आम्ही उभे राहिलो.

म्हणून सांगतो, सकारात्मक बोलणं म्हणजे ढोंग नव्हे. ती शिस्त आहे. प्रेषित पौल तर आज्ञाच देतो, “प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा” (फिलिप्पै ४:४). सर्वदा म्हणजे डायलिसिसच्या खुर्चीवरसुद्धा. बहीण थकली आहे म्हणून ती तसं बोलली असेल. तुम्ही हार मानू नका.

जुनी_वही | मंगळवार, सकाळी ९:४०

दीपस्तंभ, तुमच्या घरातली ती शिस्त मला मान्य आहे, आदरही आहे. पण ओंजळताईंचा प्रश्न वेगळ्या ठिकाणचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. गेली काही वर्षं मी मंडळीत शास्त्राभ्यास घेतो, त्यात हा भाग नेहमी येतो.

यिर्मया २९:११ सगळ्यांना पाठ असतं. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, भविष्य आणि आशा देणारे. भिंतीवर लावायला सर्वांत आवडतं वचन. पण त्याच्या आधीचा, २८ वा अध्याय फार थोडे लोक वाचतात.

तिथे हनन्या नावाचा संदेष्टा आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये यहूदाचा राजा आणि हजारो लोक बाबेलला (बॅबिलोनला) नेले गेलेत, मंदिरातली पात्रं लुटली गेलीत. हनन्या मंदिरात, सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांच्या आत सगळं परत येईल. यिर्मया हाही संदेष्टाच. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून त्याच्या मानेवर जोखड आहे, ते काढून हनन्या मोडून टाकतो. लोकांना त्या दिवशी किती बरं वाटलं असेल!

हनन्याचं ऐकून यिर्मया काय म्हणतो? “आमेन, परमेश्वर तसंच करो.” म्हणजे त्यालाही तेच हवं होतं. तो रडतोंड्या माणूस नव्हता. पण देवाने त्याला दुसरं सांगितलं होतं, आणि पुढच्या अध्यायात तो बाबेलच्या लोकांना पत्र पाठवतो. घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या नगरात नेलं आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षं लागतील. आणि या सत्तर वर्षांच्या वाक्याला लागूनच, पुढच्याच ओळीत ते प्रसिद्ध वचन येतं. ज्यांनी ते पत्र पहिल्यांदा ऐकलं त्यांतल्या बहुतेकांचं मरण बाबेलमध्येच आलं असणार.

हनन्या सकारात्मक होता. यिर्मयाकडे आशा होती. हनन्याने लोकांना तारीख दिली. यिर्मयाने तारीख हातातून काढून घेतली आणि लावायला बी दिलं.

ओंजळताई, ‘हेही दिवस जातील’ या वाक्यात हनन्याचा सूर येऊ शकतो. तुम्ही तो मुद्दाम आणला नव्हता, हे मला ठाऊक आहे.

मोहरीचा_दाणा | मंगळवार, सकाळी १०:१५

काका, २८ आणि २९ असे जोडून मी कधी वाचलेच नव्हते. ‘आमेन’ वाचून तर थांबले मी.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ३:३०

मी परिचारिका आहे, बरीच वर्षं याच कामात. डायलिसिस विभागातही होते.

ओंजळताई, बीपी खाली जातं तेव्हा रुग्णाला खरोखर वाटतं की आपण बुडतोय. डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात घुमतं. त्या क्षणी शेजारचं माणूस हसत असेल तर ते पलीकडच्या काठावरून हसल्यासारखं दिसतं. तुमच्या बहिणीने तुम्हाला नाकारलेलं नाही. तिने तुम्हाला तिच्या काठावर बोलावलं आहे.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट मला माझ्या कामामुळे फार जवळची वाटते (१ राजे १९). कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला माणूस, लगेच पुढच्या अध्यायात एका झुडपाखाली बसून म्हणतो, ‘परमेश्वरा, पुरे झालं, माझा जीव घे.’ देवदूत त्याला विश्वासावर व्याख्यान देत नाही. त्याला झोपू देतो. उठवून खायला-प्यायला देतो. परत झोपू देतो. पुन्हा उठवून खायला देतो आणि म्हणतो की वाट तुला झेपणार नाही एवढी लांब आहे. देवाने आधी त्याच्या शरीराची काळजी घेतली, प्रश्न नंतर विचारला, आणि तोही हळू आवाजात.

आणखी एक, हे जरा ठासून लिहिते. दीर्घ आजारात नैराश्य येणं फार सामान्य आहे. रुग्णालाही येतं, काळजी घेणाऱ्यालाही. झोप उडणं, कशातच मन न लागणं, मरणाचे विचार येणं असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर डॉक्टरांशी बोला. बहिणीच्या बाबतीतही, स्वतःच्या बाबतीतही. मरणाचे विचार असतील तर दोन आठवडे थांबूच नका. नैराश्याची गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. किडनीसाठी मशीन चालतं, मग मनासाठी औषध का चालू नये? मंडळीत कोणी ‘गोळ्या बंद करून विश्वास ठेव’ म्हटलं तर कृपा करून ऐकू नका. ते ऐकलेल्या माणसांचं काय होतं ते मी पाहिलं आहे.

तटस्थ_वाचक | मंगळवार, सायंकाळी ६:१०

मी ख्रिस्ती नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतोय. एक प्रामाणिक प्रश्न. सकारात्मक विचारांवर बोलणारे वक्तेही सांगतात की चांगलं बघा, कृतज्ञ राहा, आशा सोडू नका. तुमच्या विश्वासात त्याहून वेगळं काय आहे? की शब्द निराळे आणि गोष्ट तीच?

जुनी_वही | मंगळवार, रात्री ८:२५

चांगला प्रश्न आहे. मला कळतं तेवढं सांगतो.

सकारात्मक विचार माझ्या मनावर भार टाकतो. मी चांगला विचार केला तर चांगलं होईल. नाही झालं तर माझाच विचार कमी पडला. आजारी माणसावर हे ओझं फार वाईट पडतं, कारण आजारही त्याचा आणि बरं न होण्याचा दोषही त्याचाच.

विश्वास कोणावर आहे, यावर सगळं उभं आहे. तो किती घट्ट आहे यावर नाही. मार्क ९ मध्ये आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला मदत करा. अर्धा विश्वास, अर्धा संशय, दोन्ही एकाच वाक्यात. आणि येशू मुलाला बरं करतो. त्या बापाला आधी मनःस्थिती सुधारून यायला सांगत नाही.

हिब्रू भाषेत आशेला ‘तिकवा’ म्हणतात. यहोशवाच्या पुस्तकात राहाब नावाची स्त्री आपल्या खिडकीला किरमिजी दोरी बांधते, त्या दोरीसाठीही हाच शब्द आहे. मला हे फार आवडतं. दोरी पकडणाऱ्याच्या मुठीत जोर किती, याहून ती पलीकडे कशाला बांधली आहे हे महत्त्वाचं.

तटस्थ_वाचक | मंगळवार, रात्री ८:५०

उत्तर पोहोचलं. आभार. वाचत राहीन.

दीपस्तंभ | मंगळवार, रात्री ९:३५

काका, तुमचं लिहिणं पटतंय, पण एका गोष्टीची भीती मला आजही वाटते. दुःख खरं बोलायचं म्हणता म्हणता माणूस तक्रारीत राहायला लागतो. इस्राएल लोकांनी रानात कुरकुर केली आणि देवाला ती आवडली नाही, हेही शास्त्रातच आहे ना? मी माझ्या घरात ती कुरकुर पाहिली आहे. तिने आम्हाला आतून खाल्लं होतं.

जुनी_वही | मंगळवार, रात्री १०:२०

तुमची भीती रास्त आहे, दीपस्तंभ. पण गणना या पुस्तकाचा ११ वा अध्याय उघडून बघा. एकाच अध्यायात दोन तक्रारी आहेत. लोक कुरकुर करतात आणि देवाचा कोप होतो. मग त्यांचा पुढारी मोशे देवाकडे जातो आणि लोकांपेक्षाही कडक बोलतो. या सगळ्या लोकांना काय मी जन्म दिला? हे ओझं मला एकट्याला झेपत नाही, असंच करायचं असेल तर मला मारून टाक. यावर देव रागावत नाही. भार वाटून घ्यायला सत्तर वडील देतो.

फरक कशात? अनुवाद या पुस्तकात (१:२७) मोशे इस्राएल लोकांना आठवण करून देतो की तुम्ही आपापल्या तंबूंत बसून कुरकुर केली. ते देवाविषयी बोलत होते, त्याच्या पाठीमागे. मोशे देवाशी बोलला. तुमच्या जेवणाच्या वेळी जी भाषा तुम्ही थांबवलीत ती तंबूतली होती. ती थांबवलीत हे फार चांगलं केलंत. ओंजळताईंच्या बहिणीला मात्र तंबूबाहेर येऊन बोलायचं आहे.

दीपस्तंभ | मंगळवार, रात्री १०:४५

हे मी कधी असं पाहिलं नव्हतं. आता लक्षात येतंय, त्या वर्षभरात आम्ही भीतीचं बोलणं बंद केलं ते घरातल्यांशी. देवाशीसुद्धा मी ते कधी बोललो नाही. आजवर नाही.

कातळफूल | बुधवार, पहाटे २:१५

झोप येत नाही म्हणून वाचत होते. लिहिणार नव्हते.

आमचा मुलगा नऊ वर्षांचा असताना गेला. चौदा महिने रक्ताच्या कॅन्सरशी झगडला. त्या चौदा महिन्यांत आम्ही एकही वाईट शब्द बोललो नाही. सगळी मंडळी उपास-प्रार्थनेत होती. एकाने स्वप्नात त्याला धावताना पाहिलं म्हणून सांगितलं, आम्ही ते धरून बसलो. त्यामुळे त्याच्याशी मरणाबद्दल बोललोच नाही. शेवटच्या आठवड्यात त्याने विचारलं, “मी मरणार आहे का?” आणि मी म्हणाले, “असं बोलायचं नाही बाळा, विश्वास ठेव.” तो गप्प झाला. पुन्हा त्याने विचारलं नाही.

याला सात वर्षं झाली. देवावर राग आहे का, मला माहीत नाही. उपासनेला जात नाही. ओंजळ, तुझी बहीण बोलतेय. तिला बोलू दे. एवढंच सांगायला लिहिलं.

मोहरीचा_दाणा | बुधवार, सकाळी ६:३०

कातळफूल ताई, मी जवळ असते तर तुमच्याजवळ नुसती बसले असते.

जुनी_वही | बुधवार, सकाळी ७:१०

ताई, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द न बोलता. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. मी आज तुमच्यासाठी तेवढंच करतो.

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ८:००

कातळफूल, तुम्ही त्याला जे बोललात ते प्रेमाने बोललात, तुम्हाला जसं शिकवलं गेलं तसं. मुलाला आईचं प्रेम कळतं. मी अशा मुलांच्या खाटांजवळ रात्री काढल्या आहेत, म्हणून हे म्हणते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते आहे, वाटलं तर उत्तर द्या.

सुगंधी_दरवळ | बुधवार, दुपारी १:२०

इथे वर आलेल्या साक्षींनंतर लिहायला संकोच वाटतो. पण मोठ्या विश्वासाच्या माणसांविषयी आपण जे ऐकतो त्यात अर्धंच सांगितलं जातं, म्हणून थोडं लिहिते.

चार्ल्स स्पर्जन हे इंग्लंडमधले फार मोठे प्रवचनकार. १९ ऑक्टोबर १८५६ ला लंडनच्या एका सभागृहात त्यांच्या सभेत कोणीतरी ‘आग, आग’ ओरडलं. चेंगराचेंगरीत सात माणसं मेली. तेव्हा ते अवघे २२ वर्षांचे होते. त्यानंतर खिन्नतेने त्यांना आयुष्यभर पुन्हा पुन्हा गाठलं, आणि ते ती लपवत नसत. पाळक होऊ घातलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनाही त्याविषयी उघड सांगत.

मदर तेरेसा १९९७ मध्ये वारल्या. २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती. तरी रोज पहाटे उठून प्रार्थना आणि मग सेवा चालूच होती.

आणि आपल्या पंडिता रमाबाई. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत, १८८२ मध्ये पती गेले. एकुलती एक लेक मनोरमा, जिच्या हाती सगळं काम सोपवायचं होतं, ती १९२१ मध्ये गेली. पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. त्यांनी अखेरपर्यंत जे काम सोडलं नाही ते म्हणजे हिब्रू आणि ग्रीकमधून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर, साध्या बायकांना वाचून समजेल असं. लेकीला पोचवून आल्यावर ज्या बाईने स्तोत्रांतल्या विलापासाठी मराठी शब्द पारखले असतील, तिला मी ‘सकारात्मक’ म्हणू की आणखी काही, मला कळत नाही. पण मला तिच्यासारखं व्हायचं आहे.

ओंजळ | बुधवार, रात्री ११:०५

सगळ्यांचं वाचलं. कातळफूल, तुमचं तीनदा वाचलं. उद्या गुरुवार, परत चार तास. मला एक सांगा, मी वचनं म्हणणं सोडून देऊ का? मग तिथे बसून करू काय? मला वचनाशिवाय बोलताच येत नाही असं आज लक्षात आलं.

जुनी_वही | बुधवार, रात्री ११:३०

सोडू नका. जी आजवर तुम्ही निवडली नाहीत ती वाचा. स्तोत्रसंहितेला हिब्रूत ‘तेहिल्लीम’ म्हणतात, म्हणजे स्तुतिगीतं. पण १५० स्तोत्रांत सर्वांत मोठा गट विलापाचा आहे. आपण भिंतीवर लावायला निवडतो तेव्हा नेमका तो गट वगळतो.

स्तोत्र १३ फक्त सहा ओव्यांचं आहे. पहिल्या दोन ओव्यांत ‘कुठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. शेवटी गाणं येतं, पण चार ‘कुठवर’ म्हणून झाल्यावर.

आणि त्याहून अंधारात जायचं असेल तर ८८. त्याला शेवटीसुद्धा उजेड नाही. मूळ हिब्रूत त्याचा अखेरचा शब्दच ‘अंधार’ आहे. तरी ते कोरहाच्या मुलांच्या, म्हणजे मंदिरातल्या गायकांच्या संग्रहात आहे. म्हणजे ते सामुदायिक उपासनेत गायलं जात असणार. ज्याने लिहिलं त्याला देव दिसत नव्हता, पण तो बोलत देवाशीच होता.

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११:४०

आणि वाचण्याआधी तिला विचारा, “वाचू का?” नाही म्हणाली तर वाचू नका. फिस्चुलाच्या (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शीर जोडलेल्या) हाताला धक्का न लावता दुसरा हात धरून बसा. पाणी मोजून प्यायचं असतं तेव्हा तोंड फार कोरडं पडतं, नुसते ओठ ओले करून दिले तरी बरं वाटतं. हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

दीपस्तंभ | गुरुवार, सकाळी ६:५०

ताई, आज तुमच्यासाठी प्रार्थना केली. माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता, माफ करा. काल रात्री फिलिप्पैकरांस पत्र पुन्हा पूर्ण वाचलं. चारच अध्याय आहेत. ‘सर्वदा आनंद करा’ म्हणणारा पौल तुरुंगात आहे हे माहीत होतं. पण दुसऱ्या अध्यायात त्याचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला, आणि तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं असं तोच पौल सरळ लिहितो. मी हे वाचलं होतं, दिसलं नव्हतं. आणि ४:८ मध्ये कशाकशाचं मनन करावं याची यादी आहे. त्यात पहिला शब्द ‘सत्य’ आहे. ४:११ मध्ये तो म्हणतो की समाधानी राहायला मी शिकलो. शिकलो म्हणजे आधी येत नव्हतं.

सुगंधी_दरवळ | गुरुवार, दुपारी १२:४५

दीपस्तंभदादा, कृतज्ञतेबद्दलची तुमची गोष्ट मात्र मला सोडायची नाही. कोरी टेन बूम आणि तिची बहीण बेत्सी, दोघी १९४४ मध्ये राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत होत्या. यहुद्यांना लपवलं म्हणून पकडलेलं कुटुंब. बराकीत पिसवांचा सुळसुळाट. बेत्सी म्हणाली, १ थेस्सलनीका ५:१८ प्रमाणे सर्व स्थितीत उपकार मानायचे, पिसवांसाठीही. कोरीला ते जमेना. नंतर कळलं की पिसवांमुळेच पहारेकरी आत येत नव्हते, आणि म्हणून दोघींना तिथे बायकांना जमवून पवित्र शास्त्र वाचता येत होतं. बेत्सी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथेच वारली.

लोक ही गोष्ट पिसवांपाशी थांबवतात. मला वाटतं बेत्सीच्या मरणापर्यंत सांगावी. आणि उपकार मानायला तिने बहिणीला लावलं ते दोघी एकाच बराकीत, त्याच पिसवांत असताना. बाहेरून नव्हे.

ओंजळ | गुरुवार, रात्री ९:५५

आज काय झालं ते लिहिते.

पहिला तास काही बोलले नाही. हात धरून बसले. मला ते फार जड गेलं, जीभ सारखी काहीतरी चांगलं म्हणायला वळवळत होती. मग ती म्हणाली, “आज गप्प का?” मी खरं सांगितलं. म्हटलं, मला भीती वाटते. तुझा नंबर लागेल की नाही याची भीती वाटते आणि ती मी तुझ्यापासून दोन वर्षं लपवते आहे.

ती रडली. मीही. शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनी तोंड दुसरीकडे वळवलं, बिचारे.

नंतर विचारलं, वाचू का. हो म्हणाली. ८८ वाचलं. मी शेवटच्या ओवीनंतर थांबले, तर ती म्हणाली, “पुढे?” म्हटलं, संपलं. “एवढंच? हे बायबलमध्ये आहे?” मी हो म्हटलं. ती बराच वेळ छताकडे पाहत होती. मग म्हणाली, “म्हणजे माझ्यासारखी प्रार्थना करणारं कोणीतरी होतं.” आणि मग स्वतःहून म्हणाली, आता तू प्रार्थना कर, पण खरी कर. मी केली. कशी केली ते इथे लिहीत नाही. ‘आमेन’ मात्र ती माझ्याआधी म्हणाली.

मोहरीचा_दाणा | गुरुवार, रात्री १०:१०

ताई, देवाचे आभार. डोळे भरून आले.

जुनी_वही | गुरुवार, रात्री १०:३०

ओंजळताई, वेळ मिळेल तेव्हा विलापगीत वाचा. पाच अध्याय आहेत. यरुशलेम जळल्यानंतरचा आक्रोश. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते हे वचन तिसऱ्या अध्यायात आहे, म्हणजे पुस्तकाच्या मधोमध. त्याच अध्यायात पुढे परत डोळ्यांतून पाण्याचे पाट वाहतात, आणि पुस्तक संपतं ते ‘तू आम्हाला कायमचं टाकलंस की काय’ अशा स्वरात. पूर्वी मला वाटायचं, आशा शेवटी ठेवायला हवी होती. आता वाटतं, मधोमध आहे तेच बरं. दोन्हीकडून रडणं असतानाही तिथे हात पोचतो.

कातळफूल | शुक्रवार, पहाटे १:३०

८८ वाचलं. सात वर्षांत पहिल्यांदा पुस्तक उघडलं.

ओंजळ, तुझ्या बहिणीचं नाव विचारत नाही. पण दर गुरुवारी चार तास मी तिची आठवण करीन. त्याला प्रार्थना म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

ओंजळ | शुक्रवार, सकाळी ५:४०

कातळफूल, मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं, मुलाबद्दलही. न विचारता सांगितलं, रागावू नका. ती म्हणाली, त्या ताईंना विचार, त्यांच्या मुलाला काय आवडायचं. तिला गुरुवारी त्याच्याबद्दल ऐकायचं आहे. तुमची इच्छा असेल तरच.

शनिवारची पाळी सकाळी सहाची आहे, स्तोत्र ४२ काढून ठेवलं आहे. वाचू का, ते तिलाच विचारीन.

कातळफूल | शुक्रवार, सकाळी ६:१५

त्याला आगगाड्या आवडायच्या. सगळ्या इंजिनांची नावं पाठ होती. बाकीचं रात्री लिहिते.